खाऱ्या विहिरींचा किनारा

समुद्र आमच्यापासून शेकडो मैल लांब, पण किनारा आमच्या गावाला आहे. शेगावकडून पूर्णा ओलांडून सातपुड्याच्या दिशेनं निघालं की सपाट काळं रान लागतं. त्या रानातल्या विहिरी खाऱ्या. डोंगर निळा दिसायला लागल्यावर कुठंतरी पाणी मचूळ होतं आणि पुढं चक्क गोडं. ते नेमकं कुठं, हे जमिनीकडे पाहून कळत नाही. अलीकडे कापूस, पलीकडेही कापूस. कळतं ते फक्त जिभेला. त्या न दिसणाऱ्या रेषेला माझे बाबा किनारा म्हणायचे.

कोणे एके काळी इथं समुद्र होता, तो निघून गेला आणि जाताना मीठ विसरला, असा त्यांचा सिद्धांत. मी शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे मी त्यांना ऐकवायची, की जाणकारांचं यावर एकमत नाही. कुणी म्हणतं समुद्र, कुणी म्हणतं नदीच्या गाळातले क्षार निचरा न होता साचले. बाबा शांतपणे विचारायचे, "तुमचे जाणकार पाणी चाखून पाह्यतात काय?"

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला पेला घेऊन सोबत न्यायचे. एकेका विहिरीचं पाणी चाखत आम्ही उत्तरेला जायचो आणि गोडं पाणी लागलं की तिथल्या लिंबाखाली आडवं व्हायचो. दुपारच्या झळांनी रान हलत असायचं. मी डोळे मिटून पडायची आणि आपल्यावरून मोठाले मासे सावकाश चालले आहेत असं मला वाटायचं. इतकी गाढ झोप मला पुढं कुठल्याच गादीवर लागली नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या किडन्या बिघडल्या. डॉक्टरांनी बजावलं, की विहिरीचं पाणी आता एक घोटही नको, गोडं पाणी मात्र भरपूर प्या, नाहीतर डायलिसिस टळणार नाही. मी घरी गोड्या पाण्याचा जार लावला. बाबा दोन घोट घेत आणि पेला ठेवून देत. "फिकं हाये. यानं तहान नाही जात." जन्मभर खारं प्यायलेला माणूस तो! एकदा मी त्यांना विहिरीवर बादलीनिशी पकडलं. मग बादली-दोर उचलून मोटारपंपाच्या खोलीत टाकले आणि कुलूप ठोकलं. चार दिवस आमचा अबोला. राग नाकावर असणं हा माझा वारसाच, तो त्यांच्याकडूनच आलेला. पण ते पाणीच पिईनात. ओठ सुकले, उभं राहिलं की भोवळ येई, आणि मला भीती वाटायला लागली.

पाचव्या दिवशी सकाळी तेच बोलले. "मले एक डाव किनारा दाखव. नुसती चूळ भरीन, गिळणार नाही."

त्यांना स्कूटीवर मागं बसवलं. पहिली आमचीच विहीर, गावात सगळ्यात खारी. तिच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही की त्या पाण्याच्या चहात दूध टिकत नाही. बाबांनी चूळ भरली, थुंकली आणि ते विचारात पडले.

"हे त गोडं झालं व!"

पिण्यासाठी काढलेली युक्ती समजून मी हसले आणि स्वतः चाखून पाहिलं. तोच कडवट खारेपणा. पुढची विहीर, त्यापुढची, सगळीकडे ते तेच म्हणाले. शेवटी डोंगराखालचं खरंखुरं गोडं पाणी तोंडात घोळवून म्हणाले, "हेही तसंच."

तेव्हा मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. या आजारात जिभेची चव जाते, असं ते म्हणाले होते आणि मी ते कानाआड केलं होतं. म्हणजे जारचं पाणी फिकं नव्हतंच. मी मात्र त्यांना हट्टी म्हणून बोल लावत राहिले. माझी मलाच लाज वाटली.

बाबा विहिरीच्या काठावर बसले होते. "काऊन व," त्यांनी विचारलं, "किनारा सरकला काय?"

तीस वर्षं मी पोरांना नकाशे वाचायला शिकवते आहे. चुकीच्या उत्तराला मी अर्धाही गुण देत नाही.

"हाव बाबा," मी म्हटलं. "सरकला. आपल्या गावाच्याही खाली, पूर्णेकडे गेला."

त्यांचा चेहरा असा उजळला, की पुढचं खोटं मला सोपं गेलं. आता रोज सकाळी मी जारचं पाणी घागरीत ओतते आणि आपल्या विहिरीचं म्हणून देते. आपलं पाणी म्हटलं, की ते पेल्यामागून पेला रिकामा करतात. भोवळ थांबली आहे. डॉक्टर खूश आहेत. मला मात्र घागर भरताना कधीकधी भरून येतं.

संध्याकाळी बाबा पारावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून समुद्र कसा मागं हटला ते सांगतात. खाऱ्या पाण्यानं हातपाय धुऊन आलेली शेतकरी माणसं ऐकून घेतात आणि "हाव, गोडं झालं" म्हणतात. तसं म्हणा, असं मी कुणालाच सांगितलेलं नाही.