नवव्या चालीतला हत्ती

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर पन्नास वर्षं मला लिहायचं काम पडलं ते अर्जाखाली सही करण्यापुरतं. आता मी वह्या भरते. त्यात बुद्धिबळाचे डाव असतात, पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत. गल्लीतल्या बायकांना याचं हसू येतं. येऊ दे.

खेळणारे दोघे. एक माझा नवरा, ज्याचं आयुष्य कापड विणायचे लूम दुरुस्त करण्यात गेलं. दुसरे शेलार गावातले भाऊजी. ते त्याच कारखान्यात लूम चालवायचे, नंतर जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामावर वॉचमन होते. आता दोघेही घरी बसलेत. भाऊजी बुधवारी आणि रविवारी दुपारी शेअर रिक्षानं येतात आणि आमच्या ओट्यावर पट मांडला जातो. शेजारी एका शिंप्याचं दुकान आहे. तो यूपीचा, पण इथं इतकी वर्षं काढलीत की मराठीत भांडतो आणि हिंदीत समजूत घालतो. काम नसलं की तो मशीन सोडून बघायला येऊन बसतो.

लिहायची वेळ भांडणामुळे आली. हा म्हणायचा, तू प्यादं हलवून परत घेतलंस. तो म्हणायचा, हात लावला, हलवलं न्हाय. दर वेळी तेच. एकदा मी चहा ठेवून बाहेर आले तर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मी म्हटलं, “मी लिहून ठेवते. वहीत आलं की चाल झाली. त्यापुढे बोलायचं नाही.”

शिंपी म्हणाला, “चाची, मोबाइल से वीडियो निकाल लो ना.”

“आणि मध्येच मुलीचा फोन आला की? वजीर मारला तेव्हा तिच्या सासूचं गाऱ्हाणं चाललं होतं, असं दिसेल.”

तर वही सुरू झाली. पुस्तकात चाली कशा लिहितात ते मला कुणीतरी दाखवलं होतं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मला ते नको होतं. मी माझ्या पद्धतीनं लिहिते. ‘राजापुढचं प्यादं दोन घरं.’ ‘डावा घोडा उंटाच्या प्याद्यापुढे.’ पहिल्या डावाला आठ पानं लागली. मग हळूहळू हात बसला आणि डाव दोन पानांत मावायला लागला. डावं-उजवं मी आमच्या बाजूनं धरायचे, म्हणजे नवऱ्याच्या पाठीमागच्या पायरीवर बसून जे डावीकडे दिसतं ते डावं. मोहरा कुणाचाही असो. माझी जागा ठरलेली होती, त्यामुळे यात कधी गोंधळ झाला नाही.

वही भरायला लागले तशी दुसरी सवय लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी पट मांडते आणि वहीत बघून तोच डाव पुन्हा चालवते. एक चाल याची, एक चाल त्याची. कुठे बिघडलं ते शोधते आणि त्या चालीभोवती पेन्सिलीनं गोल करते. लग्नाआधी मी कापड तपासायच्या कामाला जात होते. काचेच्या टेबलावरून कापड सरकायचं आणि तुटलेली तार बोटाला लागायची. इथेही तसंच आहे. डाव शेवटी हरलेला दिसतो, पण तार तुटलेली असते दहा-बारा चाली आधी. माझा नवरा वजीर फार लवकर बाहेर काढतो आणि मग त्याला पळवत बसतो. भाऊजी एक प्यादं वाचवायला घोडा घालवतात, आणि प्यादंही जातं. हे मी त्यांना डाव चालू असताना सांगत नाही. लिहिणाऱ्यानं बोललं तर तो तिसरा खेळाडू होतो.

ज्याच्याबद्दल लिहितेय तो डाव बुधवारचा. पांढरी आमच्याकडे होती. भाऊजी त्या दिवशी बरे खेळत होते, नवऱ्याचा एक उंट आधीच खाल्ला होता. पंधराव्या चालीला त्यांनी राजा उचलला आणि कोपऱ्यातल्या हत्तीकडे दोन घरं सरकवला, हत्तीला उडी मारून पलीकडे आणला. याला किल्ला करणं म्हणतात. राजा आडोशाला जातो. पण त्याची एक अट आहे. त्याआधी तो राजा आणि तो हत्ती, दोघांपैकी कुणीही एकदासुद्धा हललेलं नसावं.

नवरा म्हणाला, “थांब. हा हत्ती हलून परत आलाय.”

“हा न्हाय. तो.” भाऊजींनी दुसऱ्या कोपऱ्यातला दाखवला.

“हाच.”

“अरे तो रे, त्या अंगचा! एक घर सरकवला, मग परत नेला. हा जागचा हललाच न्हाय.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी पान मागे घेतलं. नववी चाल: ‘काळा उजवा हत्ती एक घर आत.’ बारावी: ‘हत्ती परत कोपऱ्यात.’ आमच्या बाजूनं उजवा म्हणजे जिथे भाऊजी किल्ला करत होते तोच. मी वाचून दाखवलं.

“झालं,” नवरा म्हणाला. “ठेव राजा मागे.”

“वहिनी, नीट बघा.”

“नीटच बघितलं, भाऊजी. उजवा लिहिलंय.”

शिंपी म्हणाला, “लिखा है तो लिखा है, चाचा. अब क्या?”

भाऊजी म्हणाले, “मी खोटं बोलतो का मग?”

एवढ्यावर नवऱ्यानं गप्प बसायला हवं होतं. तो म्हणाला, “लबाडीच की. जिंकत होतास तर सरळ जिंकायचं ना.”

भाऊजी उठले. चप्पल घातली. त्यांनी पट उधळला नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले आणि रिक्षात बसले. रविवारी आले नाहीत. बुधवारी आले नाहीत. नवऱ्यानं फोन केला तर त्यांच्या सुनेनं उचलला आणि सांगितलं, बाबा झोपलेत. दुपारी चार वाजता.

मी मनात म्हटलं, चुकले तर चुकले, कबूल करायला काय जातं. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगायचं तर. तिकडे शिंप्यानं ही गोष्ट कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. वाईट मनानं नाही, त्याला सांगायला काहीतरी लागतं. पण भाऊजींना ओळखणारी माणसं या बाजूला बरीच आहेत, आणि गोष्ट शेलारपर्यंत जायला रिक्षाही लागत नाही.

हा डाव मी दुसऱ्या दिवशी मांडला नाही. अर्धवट डाव मी मांडत नाही. तीन आठवडे गेले. मग एका शुक्रवारी वीज गेली, आजूबाजूचे लूम बंद पडले आणि घर इतकं शांत झालं की मला बसवेना. बघायला नवा डाव नव्हता. मी तोच मांडला.

नवव्या चालीला काळा उजवा हत्ती उचलला आणि एक घर आत ठेवायला गेले, तर तिथे घोडा उभा. मला वाटलं, माझं मांडणं चुकलं. सगळं परत लावलं. परत नवव्या चालीला तेच. पुढचं पान बघितलं. अकराव्या चालीत लिहिलं होतं, ‘काळा उजवा घोडा बाहेर.’ म्हणजे ज्या घरात हत्ती सरकला म्हणून मी लिहिलं, त्या घरातून घोडा निघाला दोन चालींनंतर. पुढे प्यादं, बाजूला घोडा. तो हत्ती नवव्या चालीला कुठेच जाऊ शकत नव्हता. डावीकडचा जाऊ शकत होता. त्याच्या शेजारचा घोडा चौथ्या चालीलाच बाहेर पडला होता.

मी तिसऱ्यांदा मांडलं नाही. मला आठवलं होतं. त्या दिवशी गॅसवर दूध होतं. माझ्या पायरीवरून शेगडी दिसत नाही, भाऊजींच्या मागे बसलं की दिसते. मी दूध वर येईपर्यंत तिकडे जाऊन बसले होते, दोन-तीन चालींपुरती. तिथून डावीकडचं उजवीकडे दिसतं. मी जे दिसलं ते लिहिलं. दूध उतू गेलं नाही, तेवढं एक बरोबर केलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याला पंधराव्या चालीपर्यंत पटावर दाखवलं. त्यानं कोपऱ्यातला हत्ती उचलला आणि परत ठेवला.

“मला वाटलंच होतं थोडंसं,” म्हणाला.

“काय वाटलं होतं?”

“की तो पलीकडचाच असेल.”

“मग बोलला का नाहीत?”

“हरत होतो ना. आणि तू वाचलंस. वहीत होतं.”

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, जाऊ दे, आपण नवी वही सुरू करू, तो येईल आपोआप, आता उकरून काढलं तर वहीवर कोण विश्वास ठेवणार. मी म्हटलं, माणसाला लबाड केलं वहीनं, तर वहीला वाचवून करायचंय काय?

दुसऱ्या दिवशी मी शेलारला गेले. पिशवीत पट आणि वही. भाऊजी दारात खाटेवर बसले होते. मला बघून उठले, या म्हणाले, सुनेला चहा सांगितला. माणूस सभ्य आहे. पण वही बाहेर काढल्यावर तोंड फिरवलं.

“त्या वहीचं नाव काढू नका वहिनी.”

“वाचू नका. तुम्ही हात चालवा, मी वाचते.”

“कशाला? झालं ते झालं.”

“मी रिक्षाचा धूर खात आलेय. पंधरा चालींपुरतं बसा.”

बसले. मी खाटेवर पट मांडला, पांढरी मी हलवली, काळी त्यांनी. पहिल्या आठ चाली ते माझ्याकडे न बघता करत गेले. नववी मी वाचली, “काळा उजवा हत्ती एक घर आत.” त्यांनी माझ्या उजव्या हाताकडचा हत्ती उचलला. हात तिथेच थांबला. घोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“ह्यो कुठं जाईल?”

“कुठेच नाही. चूक माझी आहे. मी तुमच्या मागे बसले होते, दूध होतं गॅसवर. आमच्या बाजूनं डावीकडचा हलला होता. तुम्ही म्हणत होता तोच.”

भाऊजींनी हत्ती खाली ठेवला नाही. मुठीत धरून बसले. सून चहा घेऊन आली तरी तसेच. मग म्हणाले, “मला वाटलं माझंच डोकं गेलं, वहिनी.”

मी वही मिटली.

“लबाड म्हटला त्याचं मला एवढं न्हाय. तो तोंडाचा तसलाच हाय. पण लिहिलेलं होतं. मला डोळ्यासमोर दिसतंय का हत्ती त्या अंगचा, आणि लिहिलंय ह्या अंगचा. म्हणजे मला दिसतंय तेच खोटं. माझ्या बापाचं असंच झालं होतं. आधी बारीकसारीक विसरायचा, मग पोरांना वळखंना. तीन आठवडे मी रोज सकाळी उठून बघतो, काल काय खाल्लं ते आठवतंय का.”

“आठवतं?”

“आठवतं की. भेंडी.”

सून म्हणाली, “म्हणून रोज विचारत होते होय, काल काय केलं होतं भाजीला! मला वाटलं, माझ्या हाताला नावं ठेवतायत.”

ती हसली, मग भाऊजीही हसले, पण हत्ती काही खाली ठेवला नाही. मी चहा प्यायले आणि म्हटलं, रविवारी या, डाव अर्धा राहिलाय. ते म्हणाले, “येईन. पण त्या शिंप्याला बसवा. त्याच्यासमोर वाचायचं.”

ते मीही ठरवलंच होतं. चारचौघांत झालेलं चारचौघांतच मिटतं.

रविवारी शिंप्याला मी मशीनवरून उठवून आणलं. डाव पहिल्यापासून वाचला. नवव्या चालीला थांबले, सगळ्यांना घोडा दाखवला आणि ‘उजवा’ खोडून वर ‘डावा’ लिहिलं. म्हटलं, “चूक लिहिणाऱ्याची. यांची नाही.”

शिंपी म्हणाला, “चाची, आपसे भी गलती होती है?”

“तुझ्या पँटीची एक बाजू आखूड होते ती कशी?”

नवरा पटाकडे बघत होता. मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. तो म्हणाला, “मी जरा जास्त बोललो.” त्याच्या मानानं ते बरंच होतं. भाऊजी म्हणाले, “जरा? बरं. चाल माझी हाय.” आणि त्यांनी राजा उचलला, दोन घरं सरकवला, हत्तीला पलीकडे आणला आणि हात झटकून मागे टेकून बसले. मी लिहिलं: ‘पंधरावी. काळ्यानं किल्ला केला.’

बत्तिसाव्या चालीला भाऊजी हरले. हातातला डाव होता, आणि हरले. पट आवरताना त्यांनी विचारलं, “वहिनी, कुठं चुकलं ते उद्या बघून ठेवा.”

“उद्या कशाला? मी शुक्रवारीच बघितलं होतं. किल्ला केलात तिथे. आमचा वजीर आणि राहिलेला उंट त्याच कोपऱ्याकडे तोंड करून बसले होते. राजा मधेच ठेवला असता तर तुम्ही जिंकत होता.”

“शुक्रवारी! आणि मग सांगायचं न्हाय?”

“डाव चालू होता.”

“म्हणजे ज्याच्यासाठी एवढं भांडलो…”

“हो. तीच चाल.”

नवरा मोठ्यानं हसायला लागला. भाऊजींनी त्याला एक शिवी दिली, ती लिहिण्यासारखी नाही. मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली, चष्मा लावला आणि पंधराव्या चालीभोवती स्वतःच गोल काढला, जरा वाकडा. म्हणाले, “ही चूक मात्र माझी हाय. हिला कुणी हात लावायचा न्हाय.”

तेव्हापासून मी डावा-उजवा लिहीत नाही. राजाकडचा आणि वजिराकडचा लिहिते. कुठेही बसलं तरी ते बदलत नाही. दूध मी डाव सुरू व्हायच्या आधी तापवते.