भाऊजी मरून राहिले

खेळात हरणं ही गोष्ट आमच्या भाऊजींइतक्या चवीनं खाणारा माणूस अख्ख्या रायपुरात शोधून सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भनपुरीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रक रवाना करायचं काम करतात, राहतात पुरानी बस्तीत, आणि अगदी काही महिन्यांपूर्वीपर्यंत दर रविवारी सकाळी हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर बसून एका दगडी राक्षसाच्या हातून मरत असत. हा खेळ एकट्यानं खेळायचा नसतो. गावोगावी आपापल्या घरात बसलेली आठ माणसं एकाच वेळी त्या राक्षसाच्या गुहेत शिरतात. एकानं पुढं उभं राहून मार खायचा, एकीनं सगळ्यांच्या जखमा भरत राहायच्या, बाकीच्यांनी राक्षसाला बडवायचं. कोणी एक जरी चुकलं तरी आठही जण खलास, आणि पुन्हा पहिल्यापासून. यातलं मार खायचं काम भाऊजींकडे होतं. "ट्रान्सपोर्टच्या धंद्यात जिंदगी गेली मॅडम, शिव्या खाऊ खाऊ कातडी तयार हाये," असं ते मला म्हणाले होते. मी नवा रायपुरला सरकारी कचेरीत कारकून आहे, म्हणून मी त्यांची मॅडम.

मेल्यावर बाकीचे सात जण चहाला उठत. भाऊजी त्या मरणाचं रेकॉर्डिंग लावून बसत. लोक जसे लग्नाचे व्हिडिओ पुन्हापुन्हा बघतात तसं हे आपलं मरण बघायचे. ताईनं केलेला वडाभात ताटात गार होऊन जायचा आणि यांचे डोळे पडद्यावरच्या स्वतःच्या पायांवर. "मेलो ते ठीक," घास हातातच धरून ते म्हणत, "पन काहून मेलो?" हा प्रश्न पुढे घरभर पसरला. मागच्या दिवाळीत ताईचे अनारसे तेलात हसले, जाळी पडायच्या ऐवजी कढईभर विरघळून गेले. कुठलाही शहाणा नवरा अशा वेळी अंगणात जातो. भाऊजी कढईजवळ जाऊन वाकले आणि म्हणाले, "हसले ते ठीक, पन काहून हसले?" ताईनं झारा उगारला तेव्हा ते मागे सरकले, तेही राक्षस चुकवतात तसे, नेमकं एक पाऊल आडवं.

त्या आडव्या पावलाचीही एक कथाच आहे. राक्षस जमिनीवर आगीची वर्तुळं टाकतो आणि त्यांतून पाय काढता यावा लागतो. त्याची सवय व्हावी म्हणून भाऊजींनी घरातली सगळी पायपुसणी हॉलभर अंथरली आणि टीव्हीकडे नजर ठेवून, खाली न बघता, त्यांच्यामधून चालायला लागले. आठवडाभर घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं दारात उभं राहून विचारलं की फरशी ओली आहे का. एका लग्नात पनीरच्या टेबलापाशी गर्दी झाली तर हे हात पसरून लोकांना पांगवायला लागले. "थोड़ा फैल के, भैया, थोड़ा फैल के. सब एक जगह खड़े रहोगे तो एक फटके में जाओगे." नवरीच्या मामांना ते कॅटरिंगवालेच वाटले, त्यांनी यांच्याकडे पापड मागितले. भाऊजींनी आणूनही दिले.

पण मला मनापासून आवडली ती त्यांची ऑफिसातली गोष्ट. एक भरलेला ट्रक बिलासपुरच्या ऐवजी दुर्गला जाऊन उभा राहिला. एरवी अशा वेळी दिवसभर आरडाओरडा होतो. भाऊजींनी सगळ्यांना बसवलं आणि खेळातला नियम लावला: प्रत्येकानं फक्त स्वतःची चूक सांगायची, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. ड्रायव्हर बिचारा नोकरी गेली असं धरूनच आला होता. तो म्हणाला, "भैया, मेरी गलती ये कि मैं पूछने में शरमा गया." या उत्तरावर भाऊजी इतके खूश झाले की महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवत होते. आपल्याकडे एखादी गोष्ट फसली की आपण तिच्यावर घाईघाईनं पांघरूण घालतो. नाती काय, परीक्षा काय, सगळी पांघरुणाखाली. उघडून, उजेडात धरून, न चिडता बघणारं माणूस मी तरी हे एकच पाहिलं.

आता हा खेळ या वयात त्यांच्या गळ्यात कसा पडला, ते सांगते. त्यांचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, तिथंच त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं. पोराला मराठी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते, इथल्या सगळ्या पोरांसारखी. फोनवर त्याचं बोलणं एवढंच: हाँ पापा, ठीक है पापा, रखता हूँ. एकदा सुटीला आला तेव्हा तो आणि त्याची बायको हा खेळ खेळताना भाऊजींनी पाहिलं. दुपारभर तो बोलत होता, हसत होता, कोणाची तरी नक्कल करत होता. भाऊजी स्वयंपाकघरात येऊन ताईला हळूच म्हणाले, "अवं, हा पोट्टा इतका बोलते?" आणि त्यांच्यातला पुढं उभा राहणारा गडी सोडून गेला तेव्हा यांनी विचारलं, "मले घेता का?" जखमा भरणारी होती सून. अशा रीतीनं सासऱ्याचा जीव दर रविवारी सुनेच्या हाती गेला.

तिथं गाडी अडली ती अडलीच. राक्षस अर्धा मरायचा, भाऊजींना शेवटचा जबर मार बसायचा, ते ओरडायचे, आणि संपलं. असे महिने गेले. शेवटी एका रविवारी हरल्यावर मुलाचा फोन आला. "पापा, अगले संडे से मेरा एक दोस्त आपकी जगह खेलेगा. आप बस देखना, मज़ा आएगा." भाऊजी म्हणाले, "हव." फोन ठेवला, रेकॉर्डिंग न लावता कॉम्प्युटर बंद केला आणि ताटावर येऊन बसले. ताईनं मला लगेच फोन केला. "तुझे भाऊजी आज गरम जेवले वं. तू ये बरं."

मी गेले तर हे खिडकीपाशी नुसते बसलेले. मला म्हणाले, "बसा मॅडम. पोराची चूक नाई. मीच कमी पडलो." मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी स्वतःच कॉम्प्युटर लावला आणि म्हटलं, दाखवा ते तुमचं मरण. बघितलं. पायांत तर काही खोट नव्हती, पायपुसण्यांनी आपलं काम केलं होतं. ते ओरडले त्याच क्षणी सून मात्र त्यांच्याकडे पाठ फिरवून दुसऱ्यांच्या जखमा भरायला गेली. मी विचारलं, "भाऊजी, ती तुम्हाला औषध काहून देत नाही?"

"पाहून तर राहिलो मी कधीचा," भाऊजी म्हणाले. "पन सुनेले असं इचारते का कोनी?"

कढईला प्रश्न विचारणारा हा माणूस सुनेला मात्र विचारायला लाजत होता. मी काही तिची सासू नाही, मावससासू आहे, आणि माझ्या जिभेला हाड नाही. मी तिथंच पुण्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारून मोकळी झाले. पलीकडे ती गोंधळली. "मावशी, पण बाबा स्वतःच सांगतात ना," ती म्हणाली. "मी मरून राहिलो, असं ओरडतात. मेलेल्यावर औषध चालत नाही खेळात. मग मी बाकीच्यांना वाचवायला जाते. आणि नंतर तुम्ही कसे मेलात, असं सासऱ्यांना कसं विचारायचं?"

आमच्याकडे जे चालू आहे ते 'राहिलो'नं सांगतात. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे, मरून राहिलो म्हणजे अजून मरतो आहे, धाव. पुण्याच्या कानाला तेच मरून पडलो, आता राहू द्या, असं ऐकू जातं. तिच्या नवऱ्याला तर हे लहानपणापासूनच ठाऊक, म्हणून त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही. भाऊजींचे खांदे हसण्यानं हलायला लागले. डोळे पुसत म्हणाले, "घ्या मॅडम. मी व्याकरनानं मेलो."

मुलानं आणखी एक रविवार दिला. तो आठवडा भाऊजींनी पुण्याचं 'मरतोय' घोटून काढण्यात घालवला. भनपुरीच्या ऑफिसात मान खाली घालून ते 'मरतोय, मरतोय' पुटपुटताना दिसले, तेव्हा चपराशानं आधी पाणी आणून ठेवलं आणि मग मालकांना कळवलं. रविवारी ताई आणि मी मागे उभ्या होतो, ताईच्या हातात पोह्यांची ताटली तशीच. राक्षस अर्ध्यावर आला, तो जबर मार बसला, आणि आठवडाभराचं सगळं विसरून भाऊजी जन्मापासूनच्या भाषेत ओरडले, "मी मरून राहिलो!"

पलीकडून सुनेचा शांत आवाज आला, "येऊन राहिले बाबा, येऊन राहिले."

आणि ती आली. राक्षस पडला, पोरगा कितीतरी वेळ नुसता हसत होता. भाऊजींचा हात माऊसवरच होता, आणि ताई देवापुढे दिवा लावायला गेली.

पण राक्षस मेला की गुहेत जायचं कारणही जातं, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पोरगा आणि सून दुसऱ्या खेळाकडे वळले, दोघांच्या नोकऱ्या बदलल्या, रविवार सुटत गेले. भाऊजी अजूनही रविवारी अकराच्या सुमाराला कॉम्प्युटर लावून बसतात, थोड्या वेळानं उठतात. एकदा मला म्हणाले, "जिंकलो ते ठीक मॅडम, पन काहून जिंकलो?" मी पोह्यांवर लिंबू पिळत बसले.

परवा सुनेचा फोन आला. "बाबा, आम्ही दिवाळीला येऊन राहिलो." म्हणजे येतो आहोत, चार दिवस, परतीची तिकिटंसुद्धा काढून. ती हे आता अगदी आमच्यासारखं बोलते, आणि त्याचा अर्थ भाऊजींना समजत नाही असं कोण म्हणेल. फोन ठेवल्यावर ते वरच्या खोलीत गेले. मी चहा घेऊन गेले तर पंखा पुसायला उतरवलेला, भिंतीला दोन कॉम्प्युटर मावतील एवढं लांब टेबल लावलेलं, आणि हे कपाटाचे कप्पे पुसत होते. मी म्हटलं, भाऊजी, चार दिवसांसाठी इतकं?

"पोरगी काय म्हनली, ऐकलं नाई का तुम्ही?" भाऊजी फडकं झटकत म्हणाले. "येऊन राहिलो म्हनली."

ह्या एका वेळी त्यांनी ते पुण्याच्या कानानं ऐकलं होतं: आलो, आणि राहिलो.