लॉर्ड थॉर्नमिअर यांच्या लग्नाचा उतारा

एड्रियनने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत कागद होते. सगळ्यात वरचा कागद मी वाचायच्या आधीच ओळखला. खाली उजवीकडे माझ्या बायकोची सही होती.

"तुस्कानो भाई, कितना टाइम लगेगा?" तो विचारत होता.

"बैठो," मी म्हटलं. "देखता हूँ."

स्टेलाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. शारजातल्या एका चर्चच्या ऑफिसात ती सतरा वर्षं सेक्रेटरी होती. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या रजिस्टरमधून उतारे काढून देणं हे तिचं काम. उतारा म्हणजे नोंदीची टाईप केलेली, शिक्का मारलेली नक्कल. सही करताना 'तुस्कानो'तल्या टीची आडवी रेघ ती थेट शेवटच्या अक्षरापर्यंत ओढायची. सगळ्या नावावर छप्पर घातल्यासारखी.

मी शारजातच, अल नहदा भागात, एका लीगल ट्रान्सलेशन ऑफिसात आहे. अरबी कागद इंग्रजीत करतो, इंग्रजी अरबीत. त्या चार महिन्यांत मी काम कसं केलं ते मला नीट आठवत नाही. कागद यायचे, जायचे. दुपारी खिडकीबाहेरचे टॉवर उन्हात इतके फिके व्हायचे, की डोळे मिटले तर पुसले जातील असं वाटायचं. स्टेलाचा मृत्यूचा दाखला मात्र शेट्ये मॅडमनी केला. घरचा कागद स्वतः प्रमाणित करायचा नाही, हा आमचा नियम. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि तासाभराने पाकिटात घालून परत दिला. 

एड्रियन पन्नाशीचा, जन्माने इंग्रज. पण रांगायच्या वयापासून शारजाच्या पुढच्या उम्म अल कुवैनमध्ये. तिथल्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. हिंदी मेकॅनिक लोकांकडून शिकलेला. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी चर्चमधून हा उतारा नेला, तेव्हा स्टेलाने आमच्या ऑफिसचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून टाचणीने लावून ठेवला होता. ट्रान्सलेशन लागलं तर असावा म्हणून. चिठ्ठी अजून तिथेच होती. त्या पत्त्यावर तो आला होता.

"मेरे फादर लॉर्ड थे, लॉर्ड थॉर्नमिअर," तो म्हणाला. कुणी घरात डायबिटीस आहे म्हणून सांगावं तसं. "अब वो नहीं रहे. तो अब मैं हूँ. प्रूफ करना है."

काचेच्या केबिनमधून शेट्ये मॅडमनी मान बाहेर काढली. त्या गिरगावच्या, ऑफिस त्यांचं. "तुस्कानोसर, विचारा त्याला राजवाडा कुठंय."

'राजवाडा' एड्रियनला बरोबर कळलं. "राजवाडा नहीं है मॅडम. एक बोट है, उसका भी गिअरबॉक्स गया."

मॅडम हसल्या. मीही हसलो असेन.

आता हे लॉर्ड प्रकरण काय असतं ते सांगतो. एड्रियनच्या पणजोबांचा जहाजांचा कारखाना होता. राजाने त्यांना बॅरन केलं. बॅरन ही तिकडच्या सरदारांतली सगळ्यात खालची पायरी. त्यासाठी राजाची मोहोर लावलेली सनद निघते. नंतर हा किताब कुणाकडे जाणार तेही त्या सनदेतच लिहिलेलं असतं. या सनदेत लिहिलं होतं, की पहिल्या बॅरनच्या देहापासून कायदेशीर जन्मलेल्या पुरुष वारसांकडे. म्हणजे थोरला मुलगा, मग त्याचा थोरला मुलगा. मुलींना नाही. किताब विकता येत नाही, मृत्युपत्रात कुणाला लिहून देता येत नाही. बापाचा श्वास थांबला, की त्या क्षणी तो मुलाकडे गेलेला असतो. फक्त लंडनच्या सरकारी यादीत नाव चढायला तीन कागद लागतात. बापाचा मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि आईबापाच्या लग्नाचा दाखला.

मृत्यूचा दाखला अरबीत होता. तो इंग्रजीत करून, बाकीचे कागद ताडून, सगळा सेट मी प्रमाणित करून द्यायचा होता. सोबत लंडनच्या वकिलाचं पत्र होतं. त्यातलं एक वाक्य असं: मुलाचा जन्म आईबापाच्या लग्नानंतरचा पाहिजे. नंतर लग्न झालं, तर तो मुलगा बाकी सगळ्या बाबतीत औरस ठरतो, घरदारही मिळतं, पण किताब मिळत नाही.

मी तारखा पाहिल्या. उताऱ्यात लग्नाचं जे वर्ष होतं, त्याच्या पुढच्या वर्षी एड्रियनचा जन्म. सगळं जुळत होतं.

डब्यात लग्नाचा एक फोटोही होता. चर्चच्या पायऱ्या, साध्या फ्रॉकमधली आई, घामेजलेले वडील. बाजूला टाय लावलेला एक भारतीय माणूस, त्याच्या कडेवर टोपडं घातलेलं बाळ.

"ये कौन है?" मी विचारलं.

"फादर के कंपनी का टायपिस्ट. बच्चा उसका होगा. मम्मी बोलती थी, कोई गेस्ट का है."

जाताना तो दारात थांबला. "भाई, मेरे को कोई लॉर्ड नहीं बुलाएगा. वर्कशॉप में सब एडी बोलते हैं. लेकिन छह साल फादर बिस्तर पे थे. रोज सुबह मैं उनको खाड़ी दिखाने ले जाता था. आखिर में हाथ पकड़ के बोले, नाउ इट्स यू. बस, वो पूरा करना है." त्याचा धाकटा भाऊ निक लंडनला शाळेत शिकवतो. तो वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात आला होता.

आमच्या शिक्क्यात एक ओळ असते: 'मूळ नोंदीशी ताडून पाहिले.' चर्चचा शिक्का असलेला उतारा हीच मूळ नोंद, असं सगळे धरतात. मीही तीस वर्षं तेच धरत आलो. तरी त्या गुरुवारी मी चर्चच्या ऑफिसात गेलो. खरं सांगायचं तर रजिस्टर बघायला गेलोच नव्हतो. तिची खुर्ची बघायची होती. नुसतं जाऊन बसायला कारण सापडत नव्हतं, ते या कागदाने दिलं.

खुर्चीत नवीन मुलगी होती. तिने जुनं रजिस्टर काढून दिलं आणि मला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. त्या काळी इथे लग्नं थोडी. एका पानावर एक अख्खं वर्ष मावायचं. वर्ष फक्त पानाच्या डोक्यावर लिहिलेलं, नोंदीत नुसता दिवस आणि महिना. मला एड्रियनच्या आईबापाची नोंद सापडली. दिवस तोच, महिना तोच. साक्षीदाराच्या सहीपुढे 'टायपिस्ट' असं लिहिलेलं. पानाच्या डोक्यावरचं वर्ष मात्र वेगळं होतं. दोन वर्षं पुढचं.

मी मागची पानं उलटली. आधीच्या दोन पानांच्या वरच्या कडा एकमेकांना चिकटलेल्या होत्या, इथल्या दमट हवेत चिकटतात तशा. घाईत खालून पान उलटलं, तर तो चिकटलेला वरचा भाग पुढच्या पानावर दुमडून राहायचा आणि नोंदीच्या डोक्याशी दोन वर्षं आधीचं वर्ष दिसायचं. स्टेलाने तेच टाईप केलं होतं.

खरं वर्ष धरलं, तर लग्नाच्या दिवशी एड्रियन चौदा महिन्यांचा होता.

मी रजिस्टर मिटलं. बाहेर कुणीतरी मिस्सेच्या प्रार्थनेसाठी पेटी वाजवून बघत होतं, एकच सूर पुन्हा पुन्हा. निघताना मुलीकडून त्या पानाची प्रत करून घेतली.

शेट्ये मॅडमना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"उताऱ्यावर चर्चचा स्टॅम्प आहे ना?"

"आहे."

"सही ऑथराइज्ड आहे?"

"स्टेलाची आहे."

 मॅडम हळू म्हणाल्या, "सर, आपण ट्रान्सलेटर. पोलीस नाही. जो कागद समोर आला तो करायचा, खलास. तो बिचारा खूश, त्याचा बाप वर खूश. आणि तुम्ही कशाला..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

माझी मुलगी रेचल दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहते. तिला फोन केला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "पापा, प्लीज. डोन्ट मेक ममा राँग नाउ."

मी उतारा ड्रॉवरमध्ये ठेवला. दिवस गेले. एड्रियनचे मेसेज यायचे: 'हो गया?' मी लिहायचो, 'इन्शाल्ला.' संध्याकाळी घरी गेलो, की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर स्टेलाने पेन्सिलीने लिहिलेलं दिसायचं. 'गॅस सांगणे.' 'रेचलचा ब्लाउज.' तिची एक पद्धत होती. राहिलेलं काम पेन्सिलीने लिहायचं, झालं की खोडरबरने पुसायचं. घरात असे बरेच शब्द पुसायचे राहिलेत. ते बघत उभा राहिलो, की ती आतल्या खोलीत आहे आणि आत्ता खोडरबर मागेल असं वाटायचं.

दहाव्या दिवशी ठरवलं, निदान स्कॅन तरी करून ठेवू. इथल्या कागदांच्या पाठीवर मंत्रालयांचे शिक्के असतात, म्हणून मी दोन्ही बाजू स्कॅन करतो. आमच्याच लग्नाच्या दाखल्यामागे मुंबई, दिल्ली, अबुधाबी असे इतके शिक्के होते, की स्टेला म्हणायची, "सगळ्यांनी मंजुरी दिली, तुमच्या आईची तेवढी राहिली."

या उताऱ्याची पाठ कोरी होती. पण स्क्रीनवर खालच्या कोपऱ्यात काहीतरी करडं दिसलं. मी मोठं करून पाहिलं. पेन्सिल होती. अक्षर तिचं, भाषा मराठी.

'वर्ष? पान चिकटलंय. रजिस्टर पुन्हा बघणे.'

उताऱ्याची तारीख पाहिली आणि मला तो आठवडा आठवला. तिची आई गेली होती. ती मिळेल त्या फ्लाइटने वसईला धावली होती. परत आली ती महिन्याने. तोवर म्हातारे लॉर्ड सही-शिक्क्याचा कागद टेबलावरून घेऊन गेले असणार. त्यानंतर तो त्यांच्या घरी नऊ वर्षं डब्यात होता. त्या ओळी वाचू शकेल असं त्या घरात कुणी नव्हतं.

मी खुर्चीत मागे टेकलो. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला काम सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी उम्म अल कुवैनला निघालो. जानेवारीतलं धुकं होतं. रस्त्यावर पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. खाडीपाशी पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या पांढऱ्यात मधेच फ्लेमिंगो उभे, पाण्यावर नाही तर हवेतच उभे असल्यासारखे. एड्रियन वर्कशॉपसमोर खुर्ची टाकून चहा पीत होता.

मी रजिस्टरच्या पानाची प्रत त्याच्या हातात दिली. वर्षावर बोट ठेवलं. समजावून सांगायला लागलंच नाही. 

"हर साल नवंबर में फादर केक लाते थे," तो म्हणाला. "कितवाँ साल, कभी किसी ने पूछा नहीं."

"एड्रियन, मेरे को बुरा लग रहा है. ये कागज मेरी बीवी ने निकाला था. गलती उसकी. लेकिन उसको भी शक आया था." मी मागची बाजू दाखवली आणि वाचून हिंदीत सांगितली.

"ये पेन्सिल नहीं होता तो? आप स्टॅम्प मार देते?"

मी खोटं बोललो नाही. "पता नहीं," म्हटलं.

त्याने डब्यातून फोटो काढला आणि टायपिस्टच्या कडेवरच्या बाळाकडे बघत राहिला. मग हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग चहा सांडेपर्यंत.

"गेस्ट! भाई, वो गेस्ट मैं हूँ!"

मग बाकीची गोष्ट त्याने जुळवली. आई त्याला घेऊन व्हिजिट व्हिसावर आली होती. रेसिडेन्सीसाठी काउंटरवर लग्नाचा दाखला मागितला. दोघांनी तो कधी काढलाच नव्हता, कारण लग्नच केलं नव्हतं. टायपिस्टने फॉर्म भरता भरता सांगितलं असणार, सर, चर्च जवळच आहे. म्हणून लग्न झालं. निक त्यानंतरचा. किताब दिला लंडनच्या राजाने. तो कुठल्या मुलाकडे जाणार, ते ठरलं शारजाच्या व्हिसा काउंटरवर.

हसू थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "फादर को मालूम था, ना?"

"रजिस्टर में उनका साइन है."

"फिर भी मेरे को बोला, नाउ इट्स यू." त्याने फोटो शर्टाच्या खिशात ठेवला. "तो वो टायटल की बात नहीं थी."

 धुकं विरत होतं. खाडीतल्या बोटी एकेक करून आकाराला येत होत्या.

खरी तारीख लिहून अर्ज निकच्या नावाने गेला. चर्चने नवा उतारा दिला आणि जुना लाल रेघ मारून आपल्या फाइलीत ठेवला. निक चौथा बॅरन झाला. सुट्टीत तो इकडे येऊन गेल्याचं एड्रियनने फोनवर सांगितलं. "लॉर्ड साहब को गिअरबॉक्स खोलने को बिठाया. यल्ला, जल्दी कर बोला, फिर भी दो दिन लगाया."

जुन्या उताऱ्याच्या मागच्या बाजूचा प्रिंट माझ्याकडे आहे. स्टेलाच्या ओळीखाली मी पेन्सिलीने 'बघितलं' असं लिहिलं. पुसलं मात्र काही नाही.

ऑफिसात नवीन कुणी आलं, की मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो: कागदाची मागची बाजू कोरी दिसली, तरी तिचाही स्कॅन घ्यायचा.