एका दाराचा फोटो

"गुड मॉर्निंग. एक तक्रार आहे."

आमच्या शेजारच्या जर्मन बाईंशी बोलणं याच वाक्यानं सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचं. बेल असताना त्या बोटाच्या पेरांनी दारावर टकटक करायच्या आणि मग मागे सरून उभ्या राहायच्या. वय सत्तरीच्या पुढे, पांढरे केस कानाशी कापलेले, गळ्यात कॅमेरा. फोनचा नव्हे, खरा, जड कॅमेरा. सांगून टाकते, मला त्या कधीच आवडल्या नाहीत. तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेलच, तेव्हा जास्त समजावून सांगायला नको.

भांडणाचं मूळ होतं बाल्कनीतले कपडे. डब्लिनच्या दक्षिणेला चेरीवूडमध्ये आम्ही भाड्यानं फ्लॅट घेतला, तेव्हा करारात लिहिलं होतं म्हणे, की बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत. असेल. पण आयर्लंडमध्ये ऊन पडलं की माझ्यातली पुण्याची बाई जागी होते. मीटिंग चालू असली तरी मी आधी कपड्यांची बादली उचलते. इकडे दोरीवर टॉवेल पडला की तिकडून कॅमेऱ्याचा खटका ऐकू यायचा. दुपारपर्यंत सोसायटीच्या ऑफिसची मेल, सोबत फोटो.

आणि फोटो काय असायचे! माझा जांभळा परकर, त्यावर तिरपं ऊन, मागे लुआसची ट्राम. लग्नात फोटोग्राफरनं माझा इतका चांगला फोटो काढला नव्हता. मी संतापून ती मेल नवऱ्याला दाखवली, तर तो म्हणाला, "कंपोझिशन भारी आहे गं." त्या दिवशी जेवण त्याचं त्यानंच गरम करून घेतलं.

"कपड्यांसाठी हॉट प्रेस आहे," बाई इंग्रजीत ठासून सांगायच्या. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. त्यात वाळवलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मग खिडकी उघडा." माझी लेक ईरा इथेच वाढलेली. "आई, शीज ग्रँड, जस्ट लीव्ह इट," असं ती म्हणाली की माझा पारा आणखी चढायचा.

एकदा लिफ्ट बंद पडली. बाई सामानाची पिशवी घेऊन जिन्यात धापा टाकत उभ्या. पिशवी वर नेऊन देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं, तर भिंती दिसेनात इतके फोटो. चर्चचा मनोरा, बसथांब्यावरचं बाकडं, बेकरीसमोर झाडणारी एक बाई, पंपाला टेकवलेल्या सायकली. जर्मनीच्या पूर्वेला लाउझित्स नावाचा कोळशाचा मुलूख आहे, बाई तिथल्या. खाली कोळसा सापडला की वरचं गाव उठवायचं, असं तिथे कित्येक वर्षं चाललं होतं. बाई दर उन्हाळ्यात जायच्या आणि उठणाऱ्या गावांचे फोटो काढून आणायच्या.

एका फोटोत कुंपणावर टॉवेल वाळत होते. मी ही संधी सोडणार होते थोडीच!

"तिथे कपडे बाहेर चालतात वाटतं?"

"तिथे माणसं राहत होती," बाई म्हणाल्या.

"मग आम्ही काय कबुतरं आहोत?"

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, थँक यू म्हटलं आणि दार लावलं.

पुढच्या वर्षी बाई घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. घरी परतल्यावर काही दिवसांनी पुन्हा आमच्या दारावर टकटक झाली. बाहेर बाई वॉकर धरून उभ्या. या वेळी गुड मॉर्निंगही नाही. मी ऑफिसच्या कामासाठी बर्लिनला निघाले आहे, हे ईरानं त्यांना सांगितलं होतं.

"माझ्या गावाला जाल का? ट्रेन आहे. आमचं घर आता पाडतील. मला त्याच्या दाराचा फोटो हवाय."

सगळ्या मुलखाचे फोटो काढणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या घराचा एकही काढला नव्हता. "ते शेवटी काढणार होते," म्हणाल्या. दार त्यांच्या वडिलांनी केलेलं. वडील सुतार. दाराच्या वरच्या भागात त्यांनी उगवता सूर्य कोरला होता.

"आणि माझ्या कपड्यांचं काय?" मी विचारलं. हो, विचारलं. इतक्या मेल्स मी काही विसरले नव्हते.

बाईंनी जरा विचार केला. "तुमची बाल्कनी मला दिसणार नाही." सौदा पक्का झाला.

शनिवारी सुट्टी होती, तेव्हा गेले. ट्रेन, पुढे टॅक्सी. गाव ओस पडलेलं, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. बाईंच्या घराचं हिरवं दार मात्र जागेवर होतं. टॅक्सीवाला उत्साही निघाला. मी लाल जॅकेट सारखं केलं, केसांवरून हात फिरवला, कमरेवर हात ठेवून दारासमोर उभी राहिले आणि हसले. त्यानं भराभर फोटो काढले. बसथांब्यावर मी, चर्चसमोर मी, दारासमोर मी. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे नुसत्या दाराचा फोटो कोण काढतं? आपण ताजमहालाचासुद्धा नुसता काढत नाही. एवढ्या लांब माणूस गेलं होतं, हे दिसायला नको?

परत आल्यावर बाईंनी माझा फोन डोळ्यांजवळ नेला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"सूर्यावर तुमचं डोकं आहे."

"पुढचा बघा ना."

"यातही आहे." त्यांनी सगळे पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. "नुसतं दार कुठे आहे?"

मी म्हटलं, तिथल्या कोणाला तरी सांगून पुन्हा काढून घेऊ.

"सोमवारी पाडलं," बाई म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, माझी तयारी होती. पण त्या एवढंच म्हणाल्या, "एक मला पाठवा," आणि वॉकर वळवून आत गेल्या. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि असं वाईट वाटायला लावलं म्हणून त्यांचा रागही आला.

बाईंनी शब्द पाळला. ऊन पडल्यावर मी मुद्दाम जांभळा परकर वाळत घातला. खटका नाही, मेल नाही. दुसऱ्या दिवशी चादरी घातल्या, उशांचे अभ्रे घातले. शेजारून चकार शब्द नाही. तक्रारी परवडल्या असं मला झालं.

हिवाळ्यात त्या हॉस्पिटलमध्ये गेल्या आणि परत आल्या नाहीत. घर आवरायला जर्मनीहून त्यांचा भाचा आला. टेबल हलवायला हात लावता का, असं त्यानं विचारलं, म्हणून मी गेले. भिंती रिकाम्या झाल्या होत्या, फोटो खोक्यांत गेले होते. पलंगासमोर एकच उरला होता.

"मावशीनं या फोटोचं हे काय केलंय, मला कळत नाही," भाचा म्हणाला.

मला कळलं. मी पाठवलेल्या फोटोतून बाईंनी मला कापून काढलं होतं. डोकं, खांदे, कमरेवरचा हात, सगळं काठाकाठानं, कात्री कुठेही न घसरता. मागून पांढरा कागद लावून त्या माझ्या आकाराच्या जागेत पेन्सिलनं दार काढलं होतं. फळ्यांच्या रेघा होत्या, कडी होती, वर सूर्य होता. त्याचे किरण बऱ्याचदा खोडून पुन्हा काढलेले, नीट आठवत नसावेत. काढलंच ना मला शेवटी, असं मनात आलं.

माझे बूट तेवढे ठेवले होते. कात्री घोट्यापाशी थांबली होती. बूट कापले असते तर खालची पायरीही गेली असती, म्हणून असेल. त्या बंद दाराबाहेर, पायरीवर माझे बूट होते, काढून ठेवून मी आत गेले असावे तसे.