सुमनच्या मापाची अंगठी

कॅल्गरीहून व्हँकूवरपर्यंत विमान आणि तिथून फेरीबोटीनं एक लहानसं बेट. २०१७ च्या सप्टेंबरात आम्ही नवराबायको निघालो, तेव्हा माझ्या खिशात पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा होता आणि डोक्यात तेलाच्या पाइपलाइनींचा पस्तीस वर्षांचा अनुभव. त्या बेटावर हारुकोबाई जपानी पद्धतीनं चांदीची अंगठी करायला एका दिवसात शिकवतात. जन्मभर पाइप जोडणाऱ्याला चांदीची चिमूटभर पट्टी जोडायला कोण शिकवणार, असं मी मुलीला फोनवर म्हणालोही. नेहा म्हणाली, "बाबा, इट्स नॉट अ पाइपलाइन. जस्ट लिसन टू हर." दुसऱ्याचं ऐकणं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

त्याआधीच्या हिवाळ्यात सुमनच्या बोटांचे सांधे इतके सुजले, की इमर्जन्सीत डॉक्टरांनी तिची लग्नातली अंगठी कापून काढली. टीव्ही बघताना तिचा अंगठा त्या रिकाम्या बोटावरून फिरत राहायचा, आणि मला ते बघवत नव्हतं. दुकानातली दुसरी तिला नको होती. म्हणून मीच करणार होतो. ती झोपलेली असताना बोटाला दोरा गुंडाळून मी गुपचूप माप घेतलं होतं, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत.

फेरीवर सगळा कॅनडा डेकवर उभा राहून देवमाशाची वाट बघत होता. देवमाशाला दुसरी कामं असावीत. आम्ही आत बसून धपाटे खाल्ले. शेजारच्या गोऱ्या गृहस्थांनी वासाची फार स्तुती केली म्हणून सुमननं त्यांना अर्धा दिला. दुसऱ्या घासाला ते देवमाशाचा नाद सोडून पाणी शोधत निघाले.

कार्यशाळेत दाराशीच चपला-बूट काढायचे होते. "आपल्यासारखंच की," म्हणत सुमन खूश झाली. हारुकोबाई साठीच्या, एवढ्याशा चणीच्या. माझ्या विनंतीवरून त्यांनी सुमनला बागेत बसवलं आणि मला विचारलं, "बोट मोजलंत?"

"मोजलं."

"सांधासुद्धा?"

"मी इंजिनिअर आहे," मी म्हणालो. हे उत्तर नव्हे, पण कॅल्गरीत चालतं. बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि विषय संपवला.

पट्टी कापली, तापवून मऊ केली, लोखंडी दांड्याभोवती लाकडी हातोडीनं वळवली, टोकं जोडली. मग त्सुचिमे (हातोडीच्या ठशांची नक्षी). बाईंचे ठसे तांदळाच्या दाण्याएवढे, सारखे. माझे ठसे कॅल्गरीतल्या गारपिटीनंतर गाडीच्या टपावर दिसतात तसे. दुपारी ओनिगिरी (भाताचा त्रिकोणी गोळा) मिळाली, आत उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ). सुमननं एका घासात निकाल दिला, "लोणचंभात आहे हो."

तीन वाजता मी मोठ्या ऐटीत अंगठी तिच्यापुढे धरली. ती बोटात गेली आणि सांध्यापाशी अडली. साबण लावून झाला. सुमननं ओठ आवळून दाबून पाहिली आणि काढून टेबलावर ठेवली.

"माप बरोबर होतं," मी म्हणालो.

"दोरा कुठे गुंडाळलात?"

"बोटाच्या मुळाशी."

"आणि तिथपर्यंत ती उडत जाणार होती?"

हारुकोबाई म्हणाल्या, ठोकून मोठी करता येईल. सुमननं मान हलवली. "बोटात नकोच आता. परत सुजणार, परत कापणार." पस्तीस वर्षांचा अनुभव टेबलावर पडला होता आणि कोणाच्याच कामाचा नव्हता.

मग सुमननं उजव्या पायातला मोजा काढला. "यांना म्हणावं, हिला एक फट पाडा."

"झालेली अंगठी कापायची?" बाई दचकल्या.

"इन अवर प्लेस, मॅरीड विमेन वेअर इट ऑन द टो," सुमननं समजावलं. बाईंनी नाइलाजानं करवत चालवली, कडा घासून गुळगुळीत केल्या. सुमननं अंगठी किंचित फाकवून अंगठ्याशेजारच्या बोटात घातली आणि दाबली. चपखल बसली.

"तुझी जोडवी कुठायत?" मी विचारलं.

"काढली."

"कधी?"

"कॅल्गरीतल्या पहिल्या हिवाळ्यात. बुटात टोचायची."

"म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली? मला बोलली नाहीस."

"दिसतच होतं की," ती मोजा चढवत म्हणाली. तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं.

जोडवं एकच असून चालत नाही, पण शेवटची फेरी गाठायची होती. बाईंनी चांदीची आणखी एक पट्टी कागदात बांधून दिली.

प्रवासातून काय आणलंत, असं मित्र विचारतात. मी समुद्राचे फोटो दाखवतो. परतल्यावर पहिल्याच शनिवारी बेसमेंटमध्ये हातोडी काढून ठेवली आणि दोरा घेऊन वर आलो. सुमन चहा करत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "डावा पाय दे. माप घ्यायचंय."

"आत्ता? चहा उतू जाईल."

"जाऊ दे."

तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसली आणि पाय माझ्या गुडघ्यावर ठेवला. अंगठ्याशेजारचं बोट एका बाजूला वाकलेलं आहे, इतक्या हिवाळ्यांच्या बुटांनी. मी ते पहिल्यांदाच बघत होतो.