मधला ठिपका

नेकनूरहून बीडला जाणाऱ्या एसटीत ती रोज माझ्या आधी येऊन खिडकीपाशी बसायची. पोलिसांत कॉम्प्युटरवर काम करते, एवढंच मला ठाऊक. बसमध्ये कोण कोणाला रामराम घालतं, कोण कोणासाठी जागा धरतं, हे ती टक लावून बघायची.

एकदा मला राहवेना. "मॅडम, शेळ्या चोरणारी टोळी मोबाईलवरून कशी काय सापडती?"

तिनं काचेवरच्या धुळीत बोटानं ठिपके काढले, रेघांनी जोडले. "हे चोरणारे, हे विकत घेणारे. एकमेकांना वळखत न्हाईत. दोन्हीकडं वळख असणारा हा एकटाच हाय." तिनं मधल्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"मंग चोर हाच की!"

"तसं कसं म्हणू, मामा? त्याला सोताला बी ठाऊक नसंल."

स्टँडच्या अलीकडं ती उतरली. माझ्या खिशात फोन वाजत होता. शेळ्यांच्या खरेदी-विक्रीचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच चालवतो. मागेल त्याला आत घेतो, कोण कुठला विचारत नाही.

मी बोटानं तो मधला ठिपका पुसायला गेलो. धुळीत तो आणखीच मोठा झाला.