वामनभटजींची न बुडालेली घटिका

वेदमूर्ती वामनभटजी जोशी यांची व माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली, आणि त्यांच्यामुळे ते लग्न मोडता मोडता राहिले. आम्ही खानापुराकडचे, मुलगी नंदिगड्ड्याची. तिच्या अंगणात, पाण्याने भरलेल्या घंगाळात, भटजींनी तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडली होती. भोकातून पाणी चढून वाटी बुडाली की एक घटिका भरे. ती बुडताच मुहूर्त होता.

वाटीजवळ बसून भटजी वऱ्हाडाला कालगणना समजावीत होते. साठ पळांची घटिका, साठ घटिकांचा दिवस. साठच का, असे कोणीतरी विचारले. साठाचे दोन, तीन, चार, पाच, सहा, यांतले कितीही वाटे करा, मागे काही उरत नाही. पूर्वजांना भावाभावांची भांडणे ठाऊक असावीत, असे भटजींचे मत पडले. हे सांगताना हातवाऱ्यांच्या भरात त्यांच्या मुठीतला अक्षतेचा एक दाणा वाटीत पडला आणि नेमका भोकावर बसला. कोणाच्याच ध्यानात आले नाही. मी मुंडावळ्या बांधून उभा. वाटी काही बुडेना.

माझे मामा रेल्वेत होते आणि त्यांच्या खिशात घड्याळ होते. ते पाहून पाहून अखेर त्यांनी जाहीर केले की मुहूर्त केव्हाच टळला, असल्या घरी सोयरीक नको. गाड्या जुंपायला सांगितल्या. सासरे रडकुंडीला आले. तेवढ्यात भटजींनी वाटी उचलली. दाणा गुपचूप काढून मामांचे घड्याळच खोटे ठरवणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी तो तळहातावर घेऊन सर्वांना दाखवला.

“चूक माझी हाय, पोरीची न्हाई,” ते म्हणाले. “घड्याळ ऱ्हाऊ द्या, घटिकाबी ऱ्हाऊ द्या. गुरं घरला आली की गोरज मुहूर्त. माणूस वेळ मोजायला शिकला, त्याच्याबी आधीची वेळ हाय ती.”

यावर मामांनी जुंपलेले बैल सोडायला लावले. पण वऱ्हाड सकाळपासून उपाशी होते. ऊन अजून डोंगरावर असतानाच गुरे धूळ उडवीत अंगणाशी आली. त्यांच्या मागे काठी घेऊन खुद्द मामा होते. भटजींनी एकवार सूर्याकडे पाहिले, एकवार मामांकडे, आणि अंतरपाट धरायला सांगितले.

पुढे मी त्याच गावी शाळामास्तर झालो आणि पंचांग त्यांच्याच पायाशी बसून शिकलो. आमच्या थोरलीच्या वेळी ते जन्मवेळ टिपायला आपले घंगाळ घेऊन ओटीवर बसले होते. आतून सुईणीने गरम पाण्याला मोठे भांडे मागितले, तसे भटजींनी घंगाळच चुलीवर चढवले. वेळ अर्थातच टिपायची राहिली. पत्रिकेचे काय, म्हणून मी विचारले. “मायलेकी सुखरूप हायत. ह्याच्यापरीस चांगली वेळ कुठली मांडू?” एवढेच ते म्हणाले.

यंदा त्यांच्या जन्माचा संवत्सर साठ वर्षांनी फिरून आला आहे. या लेखासाठी मी त्यांच्या पत्नी राधाकाकूंना दोन शब्द विचारले. “साऱ्या मुलखाला वेळ सांगत फिरत्यात,” काकू म्हणाल्या, “जेवायला मात्र वेळेवर कधी आलं न्हाईत.”

आमच्या मुलखाच्या उळवीच्या देवाने वामनभटजींना निरोगी शंभर वर्षे द्यावीत, आणि काकूंनी त्यांचे ताट असेच, कुरकुरत का होईना, झाकून ठेवावे.